पस्तिशी हुकलेलं पिंप

आमच्याकडे डिस्टिलरी नाही, हे नाशिकच्या नातेवाइकांना मी आजही पटवून देऊ शकलेले नाही. "स्कॉटलंडला दारूच्या कारखान्यात असते" यावर सगळ्यांचं एकमत आहे. खरं तर आम्ही गाळत काहीच नाही. दुसऱ्यांनी गाळलेली सिंगल माल्ट व्हिस्की पिंपासकट विकत घ्यायची, वर्षानुवर्षं सांभाळायची आणि वेळ आली की आपल्या लेबलखाली बाटल्या भरायच्या, एवढाच धंदा. एल्गिनच्या गॉर्डन अँड मॅकफेलनी १८९५ पासून पिढ्यानपिढ्या हेच केलं, कॅडनहेड तर १८४२ पासूनचे. आम्ही त्यांच्यापुढे चिल्लर. मालक, गोदाम सांभाळणारे आजोबा, हिशेबाच्या बाई आणि मी. एडिंबराच्या हेरियट-वॉटमध्ये ब्रूइंग-डिस्टिलिंग शिकले आणि इथे स्पेसाइडला, स्कॉटलंडच्या व्हिस्कीच्या मुलखातच, चिकटले.

त्या दिवशी रीगेज होतं. रीगेज म्हणजे पिंपात माल किती उरलाय आणि त्यात अल्कोहोल किती, हे पुन्हा मोजणं. गोदाम जुन्या पद्धतीचं. मातीची जमीन, जाड दगडी भिंती, पिंपं एकावर एक तीन थर. आत बाराही महिने गारवा आणि ओल.

बूच काढायची आजोबांची पद्धत बघण्यासारखी आहे. बुचाला ते हातच लावत नाहीत. लाकडी हातोड्याने बुचाच्या या बाजूच्या फळीवर एक ठोका, त्या बाजूच्या फळीवर एक, असे आलटून पालटून मारत राहतात. फळी लवते आणि बूच आपोआप टुणकन वर येतं. मग व्हॅलिंच नावाची लांब नळी आत सोडायची, वरच्या भोकावर अंगठा दाबायचा आणि नळी उचलायची. अंगठा सैल केला की माल थेट ग्लासात.

१९९१ च्या त्या हॉग्सहेडवर मालकांचा फार जीव. हॉग्सहेडमध्ये साधारण अडीचशे लिटर मावतं. हे भरलं तेव्हा स्ट्रेंग्थ, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, नेहमीप्रमाणे ६३.५ टक्के होती. पुढच्या वसंतात त्याला पस्तीस वर्षं पूर्ण होणार होती आणि लेबलवर '३५' छापायचं हे मालकांनी कधीचंच ठरवून टाकलं होतं. मोजपट्टीने आत जेमतेम निम्मा माल दाखवला. हायड्रोमीटर वाचला, तापमानाचा फरक वजा केला. ४०.६.

"परत मोज पोरी," आजोबा म्हणाले. परत मोजलं. ४०.६. मागच्या रीगेजला ४१.३ होतं.

हा आकडा बघून पोटात गोळा का येतो, ते सांगते. स्कॉच व्हिस्कीच्या कायद्यानुसार ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं हवीत, आणि स्ट्रेंग्थ किमान ४० टक्के. ३९.९ झालं की तीच वस्तू, तेच पिंप, पण तिला स्कॉच व्हिस्की म्हणून विकता येत नाही. स्कॉटलंडच्या दमट हवेत लाकडातून पाण्यापेक्षा अल्कोहोल जास्त उडतं, त्यामुळे माल घटतो तशी स्ट्रेंग्थही उतरते. घट मात्र इथे वर्षाला दोनेक टक्केच. बंगळूरला अमृत डिस्टिलरीकडे तीच दहा-बारा टक्क्यांवर जाते, गोव्यात पॉल जॉन डिस्टिलरीचीही इथल्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथे पस्तीस वर्षं ठेवलेल्या पिंपात फक्त लाकूड सापडेल.

दुपारी चाखायला बसलो. हंगामात काय भरायचं हे आम्ही डोळे झाकून ठरवतो. ग्लासांवर फक्त आकडे, नावं हिशेबाच्या बाईंकडे. त्या दिवशी मी सकाळपासून कोरडा टोस्ट आणि पाण्यावर असते. फोडणीचं काही नाही, अत्तर तर नाहीच. हलक्या मालापासून सुरुवात, धुराच्या वासाचा शेवटी. पूर्वी शेरी वाइन ठेवलेल्या एका पिंपातला नमुना नाकाशी नेताच सगळे मागे सरकले. विझलेली काडी आणि उकडलेलं अंडं. शेरीची पिंपं टिकावीत म्हणून आत गंधकाची धुरी देतात, ती कधीकधी अशी मालात उतरते. ते पिंप बाद. आयला बेटावरच्या कूल ईला डिस्टिलरीचा तरुण नमुना तिखट, धुराचा, सरळमार्गी; त्यावर फार बोलणं झालं नाही.

९१ चा नमुना मात्र ग्लासात नुसता ठेवला तरी खोलीभर झाला. पिकून पिवळा पडलेला पेरू, मागे फणसाचा गरा, त्याच्याही मागे जुन्या कपाटातलं मेण. स्पेसाइडच्या मालात अशी फळं अनेक वर्षांनीच येतात, आणि येतातच असंही नाही. मी "पेरू" लिहिलं तर मालक मान डोलावतात, पण त्यांनी पेरू फक्त ज्यूसच्या खोक्यातून प्यायलाय. घोट तोंडात फिरवला. सुरुवात गोड, मधे भरपूर, आणि थुंकल्यावर जिभेच्या कडेला एक तुरटपणा, चहा जास्त उकळल्यासारखा. लाकूड आता बोलायला लागलं होतं.

"अजून सहा महिने," मालक म्हणाले. "थंडीत फारसं उतरत नाही."

"स्ट्रेंग्थ कदाचित टिकेल. पण चव टिकायची नाही," मी म्हटलं. "तुरटपणा कडेला आहे तोवर बरा आहे. मधे आला की पेरू गेला."

"चौतीस आणि पस्तीसमध्ये किमतीचा किती फरक पडतो ठाऊक आहे ना तुला?"

ठाऊक होतं. त्याच डिस्टिलरीचं तरुण पिंप आमच्याकडे आहे, त्यात हे मिसळून स्ट्रेंग्थ वाढवावी, असंही त्यांनी सुचवलं. पण मग वय धरायचं सर्वांत कोवळ्या मालाचं, आणि 'सिंगल कास्क', म्हणजे एकाच पिंपातला माल, हे दोन शब्दही जातात. म्हणजे आकड्यासाठी आकडाच घालवायचा. आजोबा इतका वेळ गप्प होते. त्यांनी ग्लास उचलला, वास घेतला, आणि थुंकायच्या भांड्याकडे न बघता सरळ गिळला. मालकांनी पेन काढलं.

त्याच आठवड्यात पिंप रिकामं केलं. १७० बाटल्यासुद्धा पुऱ्या भरल्या नाहीत. लेबलवर ३४ वर्षं आणि ४०.५ टक्के, ओतताना तेवढा एक दशांश गेलाच. थंड करून गाळणं नाही, कॅरामेलचा रंग नाही. डिस्टिलरीचं नावही नाही, कारण दलालाबरोबरच्या करारातच ते छापायला मनाई होती.

पहिली तक्रार लगेच आली. एका जुन्या गिऱ्हाइकाने लिहिलं, की कास्क स्ट्रेंग्थ, म्हणजे पिंपातून जशीच्या तशी, म्हणता आणि साडेचाळीस? यात सरळसरळ पाणी मारलंय, आणि तेही या किमतीला. मालक भडकले. मी त्यांना शांत बसवलं आणि त्या गृहस्थांना रीगेजची सगळी पानं पाठवून दिली, ६३.५ पासून ४०.६ पर्यंत. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. आणखी एक बाटली मिळेल का, असं विचारत होते. तोवर संपल्या होत्या.