किंमतही लिही

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या विल्कॉक्स काउंटीत घराण्यांचे जुने कागद शोधून देणं हे माझं काम. काउंटी १८१९ची, मुख्य गाव कॅमडेन, जमीन कापसाची.

इथं नुसत्या आडनावावरून नातं जोडता येत नाही. अलाबामा नदीच्या वळणात जीज बेंड ही वस्ती आहे. तिथल्या बायकांनी शिवलेल्या गोधड्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत. तिथं घरोघरी पेटवे आडनाव. १८४५मध्ये मार्क पेटवेनं तो मळा घेतला आणि नॉर्थ कॅरोलायनातून सुमारे शंभर गुलाम पायी चालवत आणले. त्यांच्या वंशजांना आडनाव मिळालं ते मालकाचं.

परवा शिकागोहून आलेल्या निवृत्त शिक्षिकेला पणजोबांची आई शोधायची होती. पणजोबा १८७०च्या जनगणनेत सापडले, वय बावीस. गुलामीतून सुटलेल्यांची नावं सरसकट नोंदवणारी ही पहिली जनगणना. त्याच घरात पंचेचाळिशीची एक बाई होती, पण ती त्यांची कोण हे कळेना. नात्याचा रकाना १८८०मध्ये आला. मागं १८६०मध्ये जावं तर गुलामांची यादीच वेगळी. वर मालकाचं नाव, खाली माणसांचं फक्त वय, लिंग आणि रंग.

अशा वेळी काळ्या कुटुंबाचा माग गोऱ्या मालकाच्या कागदांतून काढावा लागतो. पणजोबांच्याच आडनावाचा एक गोरा जमीनदार त्याच जनगणनेत दोन पानं अलीकडे होता. त्याचा बाप गुलामी संपण्याआधी वारला असेल, तर इस्टेटीची मोजदाद झालीच असणार. आणि वारसांत वाटणी करायची तर माणसांची नावं लिहिणं भाग होतं.

बाप १८५०च्या दशकात वारला होता. मृत्युपत्रं आणि वारसाहक्काचे कागद सांभाळणाऱ्या प्रोबेट जजच्या ऑफिसातली मोजदादीची जाडजूड वही आम्ही उघडली. खेचरं, नांगर, पितळी घड्याळ आणि त्यांच्याच ओळीत माणसं. मधल्या पानावर त्या पंचेचाळिशीच्या बाईचं नाव, पुढे ‘आणि मूल’, मग पणजोबांचं नाव. दोघांची मिळून एक किंमत, डॉलरमध्ये. नातं सांगणारा हा एकच कागद, तोही वाटणीच्या हिशेबासाठी केलेला.

माझं माहेर मिरजेकडचं. घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारा हेळवी दारात येऊन आमच्या पिढ्या म्हणायचा, आजी त्याला सुपानं धान्य घालायची. आमच्या पिढ्या अशा मानानं सांगितल्या जायच्या, इथल्या किमतीसकट लिहिल्या गेल्या. म्हणून या वहीचा मला फार राग येतो, आणि तरी ती जळू नये, भिजू नये म्हणून जिवाचा आटापिटा करावासा वाटतो.

शिक्षिकाबाई बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, “सगळी नावं उतरवून घेऊ. बाकीच्यांचंही कुणीतरी शोधत असेल.” त्या वाचू लागल्या, मी लिहू लागले. किमती मी सोडत होते. त्यांच्या ते लक्षात आलं.

“किंमतही लिही,” त्या म्हणाल्या. “नाहीतर पुढच्याला वाटेल, ही कुठल्यातरी लग्नाच्या पाहुण्यांची यादी आहे.”

मी पहिल्या नावापासून पुन्हा लिहायला घेतलं. ऑफिस बंद व्हायच्या आत यादी पुरी झाली. आता त्या जमीनदाराच्या मळ्याचं नाव घेऊन कुणी आलं, की मी आधी तीच समोर ठेवते.