व्याज दहा टक्के, पण कशावर दहा टक्के?

फायनान्सचे शब्द पाठ करायच्या फंदात पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. त्या शंभर-शंभर शब्दांच्या याद्या नेटवर ढिगाने पडल्यात, एनएव्ही, सीएजीआर, यील्ड, लिक्विडिटी, वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि मग कर्जाचा कागद पुढ्यात आला की परत डोकं बंद. कारण व्याख्या कळली तरी समोरचा आकडा कशावर मोजलाय, किती काळाचा आहे आणि त्यातून काय वजा व्हायचंय हे काही यादीत नसतं, आणि खरी गोम तिथेच असते.

मागे ऑफिसातला एकजण कर्जाच्या दोन ऑफर घेऊन आला होता. दोन्हीकडे एक लाख, तीन वर्षं. एकावर मोठ्या अक्षरात १० टक्के, दुसऱ्यावर १४. त्याचं जवळपास ठरलंच होतं, सरळ चार टक्के कमी म्हटल्यावर कोण कशाला विचार करतंय. पण पहिल्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘फ्लॅट’ लिहिलेलं. म्हणजे काय, तर तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र तीनही वर्षं पूर्ण एक लाखावरच मोजतात. हिशोब सोपाय, दहा हजार गुणिले तीन, व्याज ३०,००० आणि हप्ता साधारण ३,६११. दुसरा होता रिड्यूसिंग बॅलन्सवाला, म्हणजे जेवढी मुद्दल शिल्लक तेवढ्यावरच व्याज. त्याचा हप्ता येतो ३,४१८ आणि तीन वर्षांचं मिळून व्याज २३,०४० च्या आसपास. १४ टक्केवालं कर्ज १० टक्केवाल्यापेक्षा स्वस्त! तो फ्लॅट १० टक्के रिड्यूसिंगच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ १८ टक्के होतो. आणि गंमत म्हणजे कोणी खोटं काही बोललेलंच नसतं, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबरच.

दुसऱ्या कागदाला हप्त्यांचा तक्ता जोडलेला होता, तो मात्र बघण्यासारखा. पहिल्या हप्त्यात १,१६७ व्याज आणि २,२५१ मुद्दल, शेवटच्या हप्त्यात व्याज जेमतेम ३९. याला अमॉर्टायझेशन शेड्यूल म्हणतात. उच्चारायला अवघड, पण कर्ज घेताना एकच कागद मागायचा असेल तर हा मागा, बाकी ब्रोशर गेलं खड्ड्यात.

लांबच्या कर्जात तर हा तक्ता बघून घाम फुटतो. एक लाख, ९ टक्के, २० वर्षं घ्या. हप्ता जवळपास ९००, त्यातले पहिल्या महिन्यात ७५० व्याजात जातात आणि मुद्दल फिटते फक्त दीडशे. अर्धी मुद्दल फिटायला किती वर्षं लागत असतील? बहुतेक लोक दहा सांगतात, येतात चौदा. म्हणूनच प्रीपेमेंट करायचं तर सुरुवातीच्या वर्षांत करा म्हणतात, तेव्हा भरलेल्या जादा पैशावरचं पुढच्या सगळ्या वर्षांचं व्याज वाचतं. आणि ‘फ्लोटिंग रेट’, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलणारा व्याजदर, हा शब्द पण इथेच कळतो नीट. वरच्याच कर्जात सुरुवातीलाच दर ९ वरून ११ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचं व्याजच होतं ९१६, म्हणजे हप्त्यातून व्याजसुद्धा निघत नाही आणि कर्ज फेडता फेडता वाढायला लागतं. त्यामुळे दर वाढल्यावर हप्ता तोच राहिला म्हणून खूश व्हायचं नाही, मुदत किती झाली ते आधी विचारायचं.

आता गुंतवणुकीकडे. इथे उलटा खेळ, कर्जात आकडा लहान दाखवतात तर इथे मोठा. ‘८० टक्के रिटर्न’ असं दिसलं की पहिला प्रश्न, किती वर्षांत? आठ वर्षांत असेल तर वर्षाला चक्रवाढीने ७.६ टक्के पडतात. तोच सीएजीआर. तोंडी अंदाजासाठी ७२ चा नियम भारी आहे, ७२ ला व्याजदराने भागा, पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं ते मिळतं. हा नियम काही आजकालच्या इन्फ्लुएन्सरने काढलेला नाही बरं का, इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या गणितज्ञाच्या १४९४ च्या पुस्तकात तो आहे. बारा वर्षांत दामदुप्पट म्हणजे सहा टक्के, एवढं डोक्यात झालं की निम्म्या जाहिराती आपोआप फिक्या पडतात.

सरासरी रिटर्न सांगितला तर मात्र जरा कान टवकारा. एका वर्षी ५० टक्के वर, दुसऱ्या वर्षी ५० टक्के खाली, सरासरी शून्य. पण शंभरचे झाले दीडशे, दीडशेचे झाले पंच्याहत्तर. पंचवीस गेले कुठे? सरासरीत दिसतच नाहीत.

एनएव्ही, म्हणजे म्युच्युअल फंडाच्या एका युनिटची किंमत, त्याबद्दल फार बोलत नाही. दहाच्या एनएव्हीचा फंड शंभरवाल्यापेक्षा स्वस्त नसतो, दोन्हीतले शेअर सारखेच वाढले तर टक्क्यात फायदा सारखाच. शेअरच्या भावाचंही तसंच, भाव जास्त म्हणजे कंपनी मोठी असं काही नाही, भाव गुणिले एकूण शेअर केल्यावर जे येतं ते मार्केट कॅप, कंपनीचा आकार तिथे कळतो.

एक्स्पेन्स रेशो, म्हणजे फंड चालवायची फी जी दरवर्षी तुमच्या पैशातून टक्क्यात कापतात, हा शब्द मात्र लोक फार हलक्यात घेतात. एक टक्का तर आहे, असू दे की! शंभर टाकले, २५ वर्षं १० टक्क्यांनी वाढले तर १,०८३ होतात, ९ टक्क्यांनी वाढले तर ८६२. एका टक्क्याने शेवटच्या रकमेतला पाचवा हिस्सा नेला, तोही दरवर्षी थोडाथोडा, कुठलं बिल नाही की मेसेज नाही. अमेरिकेतल्या व्हॅनगार्ड कंपनीच्या जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी इंडेक्स फंड (निर्देशांकातले शेअर तसेच्या तसे घेणारा, म्हणून कमी खर्चाचा फंड) आणला त्यामागे हा खर्चाचा मुद्दा होता. तेव्हा लोकांनी टिंगल केली होती त्यांची. मॅनेजर हुशार असेल तर जादा फी द्यायला माझी ना नाही, पण फी दरवर्षी नक्की कापली जाते आणि हुशारी दरवर्षी दिसेलच असं नाही.

महागाई वजा करायचं पण राहतंच. ठेवीवर ७ मिळतात, महागाई ६ आहे, तर खरी वाढ एक टक्काही नाही, आणि त्या सातवर कर लागत असेल तर बहुतेक मायनसच. पैसे सुरक्षित आहेत हो, फक्त त्यात येणारं सामान कमी झालेलं असतं.

शेवटी बाँड, म्हणजे सरकारला किंवा कंपनीला दिलेल्या कर्जाचा विकता येणारा कागद, कारण तिथे भलेभले अडखळतात. व्याजदर वाढले की बाँडची किंमत पडते, हे ऐकून उलटंच वाटतं. शंभरचा बाँड आहे, वर्षाला ८ देतो, दहा वर्षं बाकी. बाजारात नवे बाँड १० द्यायला लागले, मग तुमचा ८ वाला शंभराला कोण घेणार? तो साधारण ८७.७ ला उतरतो, तेव्हाच घेणाऱ्याला १० टक्के पडतात. हे जे घेणाऱ्याला पडतं ते यील्ड. एकच वर्ष बाकी असतं तर किंमत ९८ च्या वर राहिली असती. मुदत जेवढी लांब तेवढा झटका मोठा, आणि शेवटपर्यंत धरून ठेवला तर शंभर मिळतातच, बाँड देणारा बुडाला नाही तर.

हा ‘धरून ठेवला तर’ किती महागात पडतो ते मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत सिलिकॉन व्हॅली बँकेत दिसलं. लांब मुदतीचे चांगले बाँड होते त्यांच्याकडे, सरकारी पण होते, पैसे बुडतील असले नाहीत. पण दर वाढल्याने किमती पडलेल्या आणि ठेवीदार पैसे काढत होते, म्हणून काही बाँड विकावे लागले, १.८ अब्ज डॉलरचा तोटा जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी ठेवीदार एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला धावले आणि १० मार्चला बँक बंद. लिक्विडिटी आणि सॉल्व्हन्सी हे दोन शब्द इथे शेजारी शेजारी दिसतात. आज मागितले तर आज देता येतात का, ही लिक्विडिटी. सगळं विकून सगळ्यांचं देणं भागतं का, ही सॉल्व्हन्सी. बाँड विकले नाहीत तोवर कागदावर सॉल्व्हन्सी ठीक दिसत होती, लिक्विडिटीसाठी ते विकायला काढले आणि लपलेला तोटा उघडा पडला.