डावा प्लग पांढरा का पडत होता

आधीच कबूल करतो, चूक शंभर टक्के माझी. यामाहा आरडी ३५० हातात आली तेव्हा ती बरीच वर्षं नुसती उभी होती, आणि मी काय केलं तर ती सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मूळचे सायलेन्सर काढून एक्स्पान्शन चेंबर (ताकद वाढवणारे फुगीर एक्झॉस्ट पाइप) ठोकले. म्हणजे पेशंटची नाडी न बघता त्याला थेट आखाड्यात उतरवलं.

ज्यांना गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. १९७३ चं मॉडेल, एअर कूल्ड टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर शेजारी शेजारी, बोअर ६४ मिमी आणि स्ट्रोक ५४, सगळे मिळून ३४७ सीसी, आणि कंपनी सांगायची ३९ हॉर्सपॉवर, साडेसात हजार आरपीएमला. हिच्या आधीच्या आर५ मध्ये पेट्रोल-हवेचं मिक्श्चर आत घ्यायचं की नाही हे पिस्टनच ठरवायचा, आरडीत यामाहाने कार्ब (ते मिक्श्चर बनवणारा कार्बोरेटर) आणि सिलिंडरच्या मध्ये रीड व्हॉल्व्ह टाकले. पातळ स्टीलच्या पाकळ्या असतात, आतून ओढ लागली की उघडतात, उलटा दाब आला की मिटतात. त्यामुळे खालच्या रेसलाही गाडी बऱ्यापैकी ओढते, पण खरी मजा वरती आहे, तिथे पुढचं चाक हलकं होतं आणि आपलं डोकंही.

आता चेंबर म्हणजे नुसता आवाज करणारा पाइप नाही. धूर बाहेर पडताना दाबाची एक लाट निघते, पाइप जिथे रुंद होत जातो तिथून उलटी ओढ तयार होते आणि सिलिंडर साफ होतो, पुढे पाइप परत निमुळता होतो तिथे आपटून लाट मागे येते आणि एक्झॉस्टमधून पळून चाललेलं ताजं मिक्श्चर परत आत ढकलते. म्हणजे सिलिंडर जास्त भरतो, म्हणजे पेट्रोलही जास्त लागतं, म्हणजे मेन जेट, कार्बमधलं पेट्रोल सोडणारं भोक, मोठा हवा. एवढं मला माहीत होतं. जेटचा अख्खा डबाच आणून ठेवला होता.

मग सुरू झाला प्लग बघण्याचा खेळ, म्हणजे स्पार्क प्लगच्या रंगावरून मिक्श्चर ओळखायचं. फुल थ्रॉटलवर थोडं अंतर पळवायची, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करायचं, आणि गाडी ढकलत कडेला घेऊन प्लग काढायचे. उजवा मस्त, कॉफीसारखा. डावा पांढराफटक, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. डावीकडचा जेट एक नंबर वाढवला, जरा बरा वाटला. दोन दिवसांनी परत पांढरा. आणखी एक नंबर. ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय का म्हणून तेही बघितलं, ह्या गाडीत दोन सिलिंडरला दोन वेगळे पॉइंट (ठिणगी पाडणारे स्विच) असतात, प्लगच्या भोकात डायल गेज घालून पिस्टन टॉपच्या २ मिमी आधी असताना पॉइंट उघडतोय का ते दोन्ही बाजूंना वेगवेगळं लावावं लागतं. ते बरोबर होतं.

आणि एक गोष्ट मी रोज बघत होतो पण बघत नव्हतो. गाडी गरम झाली की थ्रॉटल सोडला तरी रेस लगेच खाली यायची नाही, दोन-तीन सेकंद वरच लटकायची, मग आळसावल्यासारखी उतरायची. मी केबलला तेल घातलं, कार्बमधली स्लाइड साफ केली, आणि स्वतःचीच समजूत काढली की जुनी गाडी आहे, चालायचंच.

मग एक दिवस सरळ मोकळ्या रस्त्यावर आवाज अचानक आवळला. हात क्लचवर होता म्हणून वाचलो, मागचं चाक अर्धा क्षण घासलंच. डावा सिलिंडर सीज, म्हणजे पिस्टन आत जाम. उघडून बघितलं तर पिस्टनचं ॲल्युमिनियम एक्झॉस्टच्या बाजूने बोअरला चोपडल्यासारखं चिकटलेलं आणि रिंग खाचेत अडकलेली. दोन्ही बोअर पाव मिमी वाढवून घेतले, नवे पिस्टन, नव्या रिंगा, सगळं नीट बसवलं आणि एका मित्राला फोन केला, ज्याने माझ्यापेक्षा जास्त टू-स्ट्रोक बिघडवलेत.

तो म्हणाला, "अरे पाइप दोन्हीकडे सारखे, उजवीकडे जेट छोटा तरी तो खूश, मग डावीकडेच हवा जास्त कुठून येते? आता किक मारू नकोस, आधी प्रेशर टेस्ट कर."

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस, म्हणजे सिलिंडरखालची क्रँकची पेटी, हा एक पंपच असतो. मिक्श्चर आधी तिथे येतं, मग वर जातं. क्रँकच्या टोकाचं ऑइल सील गेलं की तो पंप भलतीकडून हवा ओढतो. उजवीकडचं सील गेलं तर कळतं तरी, कारण तिकडे क्लच आणि गिअर ऑइल आहे, ते ऑइल आत खेचलं जातं आणि गाडी पांढऱ्या धुराचे लोट सोडते. डावीकडे अल्टरनेटर आणि पॉइंट, सगळं कोरडं. तिकडचं सील गुपचूप हवा खातं आणि मिक्श्चर लीन, म्हणजे हवा जास्त, करतं, धूर नाही, डाग नाही, काही नाही.

टेस्ट अगदी घरगुती. दोन्ही एक्झॉस्टची तोंडं रबर आणि पट्टी लावून बंद, एका बाजूचं इनटेक बंद, दुसऱ्या बाजूने सायकलचा पंप आणि एक छोटा गेज. दोन्ही सिलिंडर एकदमच बंद करायचे, कारण दोन सिलिंडरमधलं सील लॅबिरिंथ प्रकारचं, म्हणजे नुसत्या खाचांचं आहे, इंजिन उभं असताना ते हवा अडवत नाही. दाब ६ पीएसआय, आणि तो ६ मिनिटं टिकला पाहिजे. जोरात पंप मारायचा नाही, नाहीतर चांगलं सीलही जागचं हलेल. माझा काटा मिनिटभरात शून्यावर. अल्टरनेटर काढून साबणाचं पाणी लावलं तर क्रँकभोवती फेस यायला लागला, बारीक बारीक बुडबुडे, लहान मुलाच्या तोंडातून लाळ येते तसे. वर्षानुवर्षं उभी राहून सीलचं रबर कडक झालेलं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं.

मग काय, नुकतंच बंद केलेलं इंजिन परत उतरवलं. केस आडवी दुभागते, त्यामुळे इंजिन उलटं करून खालचा अर्धा भाग काढला की क्रँक समोरच. दोन्हीकडची सीलं बदलली, उजवं अजून ठीक होतं तरी, वय तर दोघांचं सारखंच ना. परत जोडून पंप मारला आणि खुर्ची टाकून सहा मिनिटं गेजकडे बघत बसलो. काटा हलला नाही.

लोक विचारतात आता पोर्टिंग (सिलिंडरमधली भोकं घासून बदलणं) करणार का, ऑइल पंप काढून पेट्रोलमध्येच ऑइल मिसळणार का. पंप तर मी काढणार नाही. हा पंप, म्हणजे ऑटोल्यूब, रेस आणि थ्रॉटल दोन्ही बघून ऑइल सोडतो, मिसळून टाकलं तर लांब उतारावर थ्रॉटल बंद करून उतरताना इंजिनला पेट्रोलबरोबर ऑइलही मिळत नाही. पोर्टिंगचं म्हणाल तर एक्झॉस्ट पोर्ट वर घासला की ताकद आणखी वरच्या रेसला सरकते आणि खालची जाते, घासलेलं परत भरता येत नाही, त्यामुळे ते सध्या राहू दे.

डावीकडचा मेन जेट दोन नंबर खाली आणून उजवीकडच्याइतकाच केला. दोन्ही प्लग आता सारख्या रंगाचे आहेत आणि थ्रॉटल सोडला की रेस दगडासारखी खाली येते. जेटचा डबा जवळजवळ नवाच पडलाय, कोणाला हवा असेल तर सांगा.