जिभेखालची गोळी

पहिल्या दिवशी मला परत पाठवलं होतं. घाबरलो होतो, म्हणून सकाळी ब्राउन शुगरची सुई टोचूनच इंदूरच्या त्या सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. सिस्टरनी डोळ्यांत टॉर्च मारली. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. म्हणाल्या, "आज गोळी दिली तर तुमचेच हाल होतील. तोड सुरू झाली की या." तोड म्हणजे नशा न मिळाल्यावर अंगाला होणारा त्रास. ब्राउन शुगर अंगात शिल्लक असताना ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे त्या गोळीतलं औषध, दिलं, तर ते तिला हुसकावून स्वतः तिथे बसतं आणि तोड एकदम उसळते. तेव्हा हे कळत नव्हतं, नुसता राग आला.

ती रात्र जांभया, गळणारं नाक, अंगावर काटा आणि पोटऱ्यांतले पेटके यांत गेली. आई पाय चेपत बसली होती. उजाडलं तशी म्हणाली, "ऊठ, आता जाऊ."

सिस्टरनी गोळ्या कुटून पूड जिभेखाली टाकली. कडू जहर! गिळायचं नाही, बोलायचं नाही, पाणी नाही. दहा मिनिटांनी, "जीभ वर करा बघू." तासाभरात नाक थांबलं. दुपारी मी आपणहून जेवायला मागितलं, तर आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मग रोजची हजेरी. नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या मान्यतेचं केंद्र, त्यामुळे औषध फुकट. एचआयव्हीची तपासणीही तिथेच झाली.

खरा त्रास घरात झाला. काका म्हणाले, "एक नशा सोडून दुसरी धरलीस." अफू पिकते त्या निमच-मंदसौरकडच्या माणसाला अफू काय सांगायची! हे औषधही अफूतल्याच थेबाईनपासून बनतं, हे खरं. पण त्याची झिंग चढत नाही, मात्रा रोज वाढवावी लागत नाही, एका डोसवर दिवस निघतो आणि मी दुकानात उभा राहून काम करतो. तरी ते बोलणं मनाला लागलं आणि तिसऱ्या महिन्यात मी परस्पर गोळी बंद केली. अकराव्या दिवशी हातात पुन्हा सुई होती.

परत गेलो तेव्हा कुणी रागावलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "वाचलात. मध्ये खंड पडला की शरीराची सवय मोडते, मग पूर्वीचीच मात्रा जीव घेते." म्हणून कळकळीनं सांगतो, कुणाच्या बोलण्यावरून गोळी सोडू नका. कमी करायची तर डॉक्टरच करतील, सावकाश.

आता काही दिवसांचे डोस घरी मिळतात. ते आईच्या कपाटात असतात. सकाळी मी पूड जिभेखाली धरून बसतो, ती घड्याळाकडे बघते आणि दहा मिनिटं झाली की चहा गाळते.