क्राकोवचा वावेल किल्ला आणि आपलं वळिवडे

क्राकोव, पोलंड, रविवार रात्र

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहिलेलं बरं.

किल्ला म्हटलं की आपल्याला आधी दम लागायला हवा. वावेलला तसं काही नाही. विस्तुला नदीकाठी चुनखडीचं टेकाड आहे, गप्पा मारत वर पोचतो. चौदाव्या शतकात कॅसिमिर राजाचा किल्ला इथं होता. 1499 मध्ये मोठी आग लागली, त्यानंतर पहिल्या झिगमुंट राजानं इटालियन कारागिरांकडून तीन मजली कमानींचा चौक बांधून घेतला. पुढं राजधानी वॉर्साला गेली आणि एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रियन फौजेनं राजवाड्याच्या बराकी केल्या. आता इथं सरकारी कलासंग्रहालय आहे.

वर जाताना एका भिंतीच्या विटांवर नावं कोरलेली दिसली. पहिल्या महायुद्धानंतर दुरुस्तीसाठी ज्यांनी पैसे दिले, त्यांची. देवळाच्या पायऱ्यांवरचे देणगीदार वाचत चढायची सवय, त्यामुळे मी तिथंच रेंगाळले. "आई, आतलं तिकीट वेळेचं आहे," लेकीनं दटावलं. चौकाच्या एका कोपऱ्यात लोक भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून उभे होते. म्हणे तिथं पृथ्वीचं एक ऊर्जाचक्र आहे, शिवानं टाकलेल्या दगडातून उपजलेलं! एका बाईंनी मी भारतीय दिसते म्हणून माझ्याकडे मोठ्या अपेक्षेनं पाहिलं. मी नुसती हसले.

आत मात्र बोलती बंद झाली. दुसऱ्या झिगमुंटनं, म्हणजे झिगमुंट ऑगस्टनं, सोळाव्या शतकाच्या मध्याला ब्रसेल्सच्या विणकरांकडून टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं, करून घेतल्या. लोकर, रेशीम आणि सोन्याचांदीची तार. त्यातल्या 130 हून अधिक अजून शिल्लक आहेत. बायबलमधल्या नोहाच्या गोष्टीच्या टॅपेस्ट्री भिंतभर मोठ्या, पण मला आवडल्या त्या रानाच्या. एकीत ड्रॅगन आणि बिबट्या एकमेकांना भिडलेत आणि भोवतीची पानं इतकी निगुतीनं विणलीत की झुंज विसरून पानंच बघत राहावीत. पैठणीचा पदर उलटा करून बघणाऱ्या बाईला इथं मागची बाजू बघू देत नाहीत, ही एकच तक्रार.

राजदूतांच्या दालनात छताच्या चौकटींतून लाकडी मुंडकी खाली बघतात. मूळची 194, उरलीत 30. एका बाईच्या तोंडावर पट्टी बांधलेली आहे. आख्यायिका अशी की तिनं राजाला न्यायानं निवाडा कर म्हणून सुनावलं, आणि राजानं तिचं तोंड बांधून टाकलं. ही गोष्ट खोटी असली तरी मला पटली.

पण मनात घोळतंय ते वेगळंच. सप्टेंबर 1939 मध्ये जर्मन येण्याआधी या टॅपेस्ट्री इथल्या माणसांनी विस्तुलेतून बोटीनं हलवल्या. मग रुमानिया, फ्रान्स, इंग्लंड आणि 1940 मध्ये कॅनडा. इकडे किल्ल्यात हिटलरचा गव्हर्नर हान्स फ्रांक राहायला आला. युद्ध संपलं तरी नवं कम्युनिस्ट सरकार आणि लंडनमधलं जुनं पोलिश सरकार यांच्या वादात टॅपेस्ट्री अडकल्या, त्या घरी आल्या 1961 मध्ये.

त्याच 1940 मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखोंना सोव्हिएतांनी उचलून सायबेरियाकडे नेलं. त्यातले सुटलेले काहीजण इराणमार्गे हिंदुस्थानात आले, आणि 1943 पासून जवळपास पाच हजार पोलिश, मुख्यतः बायका-मुलं, आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. आजी त्यांच्याविषयी सांगायची, शेजारच्या गल्लीतल्या माणसांविषयी सांगावं तसं. छावणी बंद झाली तेव्हा अनेकांचं गाव सोव्हिएत हद्दीत गेलेलं होतं. टॅपेस्ट्रीला परतायला भिंत तरी होती. या छावणीतले कितीतरी इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला गेले.

दालनातल्या पहारेकरी बाईंना लेकीनं हे मोडक्या पोलिशमध्ये सांगितलं. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खिशातून कागद काढला, वळिवड्याचं नाव लिहून घेतलं, कोल्हापूर मुंबईपासून किती लांब तेही विचारलं. आणखी काही विचारणार होत्या, तेवढ्यात पुढच्या गटाची वेळ झाली आणि त्यांनी आम्हालाच "चला, चला" करून बाहेर काढलं.