‘लुक’च्या मागून येणारा तो छोटा शब्द

‘पत्ता बघून घे’ ही साधी सूचना, आणि ‘तुला बघून घेईन’ ही धमकी. जोडी तीच, बघणे आणि घेणे. हा फरक आपल्याला कुणी यादी करून शिकवलेला नसतो. त्यामुळे इंग्रजीतलं ‘लुक’ शेपटी बदलली की अर्थ बदलतं, म्हणून त्याच्यावर चिडण्याचा आपल्याला फारसा हक्क नाही.

लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, लुक फॉर म्हणजे शोधणे, लुक इनटू म्हणजे चौकशी करणे, लुक अप म्हणजे शब्दकोशात वगैरे पाहणे. हे सगळं पाठ असूनही वाक्य चुकतं, कारण अर्थाइतकंच महत्त्वाचं असतं ते त्या छोट्या शब्दाचं काम. तो पुढच्या नामाला बांधलेला शब्दयोगी आहे, की क्रियापदाला बांधलेलं क्रियाविशेषण?

ओळखायची सोपी खूण म्हणजे नामाच्या जागी ‘इट’ घालून पाहणे. शब्दयोगी असेल तर ‘इट’ शेवटी जातं: लुक ॲट इट, लुक इनटू इट. क्रियाविशेषण असेल तर ‘इट’ला मध्येच बसावं लागतं: लुक इट अप. ‘लुक अप इट’ चूक, ‘लुक इट इनटू’ही चूक. क्रियाविशेषणासोबत पूर्ण नाम असेल तर मात्र दोन्ही चालतं, ‘लुक अप द वर्ड’ किंवा ‘लुक द वर्ड अप’. अडचण सर्वनामापाशीच येते.

गंमत अशी की एकच ‘अप’ दोन्ही कामं करतो. ‘ही लुक्ट अप द वर्ड’ म्हणजे त्याने शब्द शोधून पाहिला. ‘ही लुक्ट अप द स्टेअर्स’ म्हणजे त्याने जिन्याच्या वरच्या दिशेने पाहिलं. पहिल्याचं ‘लुक्ट द वर्ड अप’ होतं, दुसऱ्याचं ‘लुक्ट द स्टेअर्स अप’ होत नाही. ऐकतानाही फरक कळतो: ‘लुक इट अप’मध्ये जोर ‘अप’वर, ‘लुक ॲट इट’मध्ये ‘लुक’वर, ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. मराठीभाषक अनेकदा सगळ्या शब्दांवर सारखाच जोर देतात, म्हणून बोलताना ही खूण हरवते. आणि शोधायचा असतो शब्द, शब्दकोश नव्हे. ‘आय लुक्ट अप द डिक्शनरी’ सर्रास ऐकू येतं. हवं ते ‘आय लुक्ट द वर्ड अप इन अ डिक्शनरी’.

‘फॉर’ गळण्याचं कारण थेट मराठीत आहे. ‘फळ्याकडे बघ’मध्ये ‘कडे’ असतो, म्हणून ‘ॲट’ची आठवण राहते. ‘चावी शोधतोय’मध्ये चावीला काहीच चिकटलेलं नाही, म्हणून ‘आय ॲम लुकिंग माय कीज’ असं निसटतं. त्यातही ‘लुक फॉर’ म्हणजे नुसता शोध घेणं. चावी हाती लागली की क्रियापद बदलून ‘फाइंड’ होतं.

कर्मणी प्रयोगात हा छोटा शब्द शेवटी एकटा लोंबकळतो आणि चूक वाटतो, पण तो काढायचा नाही: ‘द चिल्ड्रन आर वेल लुक्ट आफ्टर’, ‘द मॅटर इज बीइंग लुक्ट इनटू’. ‘इनटू’ काढलं की चौकशीच नाहीशी होते.

‘लुक’च्या तीन शब्दांच्या जोडण्यांत नियम उलट सोपा, कर्म नेहमी शेवटी. लुक अप टू (आदर बाळगणे), लुक डाउन ऑन (तुच्छ लेखणे), लुक फॉरवर्ड टू (आतुरतेने वाट पाहणे). यांतलं शेवटचं ऑफिसच्या ईमेलमधलं सर्वांत लाडकं आणि सर्वांत चुकणारं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’ लिहिणाऱ्याला ते ‘टू’ ‘वॉन्ट टू’मधल्यासारखं वाटतं. इथे ते शब्दयोगी आहे. पुन्हा ‘इट’ घालून पाहा: ‘लुक फॉरवर्ड टू इट’ जमतं, म्हणजे पुढे नामच हवं, आणि क्रियापद आलंच तर त्याला ‘इंग’ लावून नाम करायचं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’.

शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या शब्दकोशांत ही माहिती असते, फक्त आपण अर्थ वाचून पान मिटतो. ‘लुक समथिंग अप’ असं छापलेलं असेल तर कर्म मध्ये येऊ शकतं, ‘लुक इनटू समथिंग’ असेल तर येत नाही. काही कोशांत मध्ये दुतोंडी बाणही असतो. म्हणजे नाम दोन्हीकडे चालेल.

छोटा शब्द ‘लुक’च्या आधी जाऊन चिकटला तर मामला आणखी बिघडतो. ‘लुक ओव्हर’ म्हणजे नजर फिरवून तपासणे. ‘ओव्हरलुक’ म्हणजे नजरेतून सुटणे, किंवा कानाडोळा करणे (खिडकी बागेकडे उघडते तेव्हाही ‘ओव्हरलुक’, पण ते वेगळं). म्हणजे साहेबांना ‘प्लीज ओव्हरलुक माय रिपोर्ट’ लिहिणारा त्यांना अहवालाकडे दुर्लक्ष करायची विनंती करतो. म्हणायचं असतं ‘प्लीज लुक ओव्हर माय रिपोर्ट’, आणि अहवालाचा उल्लेख आधीच झाला असेल तर ‘प्लीज लुक इट ओव्हर’.