पर्समधला चाकू: मी तो कसा निवडला

मी नाशिकमध्ये घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. सकाळी गंगापूर रोड, दुपारी इंदिरानगर, संध्याकाळी पंचवटी, असा स्कूटीवरचा दिवस. पेशंट बहुतेक सत्तरी ओलांडलेले. कुणाचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, कुणाला अर्धांगवायूचा झटका येऊन गेलेला, कुणाचे गुडघे धरलेले. या कामात बारीकसारीक अवजारं सतत लागतात. टेप कापायची असते, व्यायामाचा रबरी पट्टा पेशंटच्या मापाने तोडायचा असतो. आजोबांच्या चष्म्याची दांडी लोंबत असते आणि चष्म्याशिवाय ते पाऊल टाकायला तयार नसतात. मग घरभर कात्रीचा शोध सुरू होतो. सून कामावर गेलेली, मावशींना जागा ठाऊक नाही, शेवटी आजीच पलंगाचा कठडा धरून उठायला लागतात. नुकतं ऑपरेशन झालेल्या बाईने कात्रीसाठी एकटीने उठावं, हे मला बघवेना. तेव्हा रोज जवळ बाळगता येईल असा घडीचा, अनेक अवजारांचा छोटा चाकू घ्यायचं ठरवलं.

दुकानात जाण्याआधी मी जे केलं, त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. डायरीच्या मागच्या पानांवर, दिवसभरात कुठे काय लागलं ते लिहीत गेले. जे खरोखर लागलं तेच लिहायचं, लागेल असं वाटतं ते नाही. काही आठवड्यांनी पानं वाचली तर कात्री सगळ्यांच्या वर होती, आणि बरीच वर. स्नायूंवर लावायच्या टेपचे कोपरे गोल कापावे लागतात, नाहीतर कपड्याला घासून ती दुसऱ्याच दिवशी सुटते. हे काम पात्याने होत नाही. सूज आलेल्या पायात मोज्याचं इलॅस्टिक रुततं, तिथे एक काप द्यावा लागतो. गोळ्यांचं पाकीट दिवसागणिक कापून द्यावं लागतं.

कात्रीखालोखाल स्क्रू: चष्म्याचे, कमोड-खुर्चीच्या हाताचे, आजींच्या रेडिओच्या सेलच्या झाकणाचे. मग चिमटा. तळपायात गेलेली कूस काढायची असते. मधुमेहाच्या पेशंटला तर ती टोचलेलीही कळत नाही, म्हणून मी प्रत्येक वेळी पाय उजेडात धरून बघते. श्रवणयंत्राचा सेल इतका बारीक असतो, की थरथरत्या बोटांना तो पकडता येत नाही. नव्या सेलवरची चिकटपट्टी काढून त्याला मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मगच तो बसवायचा, हेही अनेक घरांत मीच करते. पातं यादीत खाली होतं: पार्सलची दोरी, एखादं फळ, औषधाच्या बाटलीवरचं प्लॅस्टिकचं वेष्टण. पक्कड क्वचित. बाटलीचं बूच काढायचा मळसूत्री आकडा एकदाही नाही.

यादी हातात आल्यावर बाजारातला गोंधळ बराच कमी झाला. या चाकूंचे ढोबळ दोन वंश आहेत. एक स्विस, दुसरा अमेरिकन. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू पुरवले. आजची व्हिक्टोरिनॉक्स ती हीच. त्या पहिल्या चाकूत काय होतं? पातं, छिद्र पाडायची आरी, डबा उघडायचं अवजार आणि स्क्रू ड्रायव्हर. डबाबंद अन्न उघडायला आणि बंदुकीचे भाग सोडवायला. म्हणजे सैन्यासाठी केलेला चाकूसुद्धा कामाचाच होता, मारामारीचा नव्हता. पुढे १८९७ मध्ये एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यात मुठीच्या दोन्ही बाजूंची अवजारं मधल्या एकाच पट्टीच्या स्प्रिंगवर चालतात. इतकी अवजारं इतक्या कमी जाडीत मावतात ती या रचनेमुळे, आणि ती मला फार देखणी वाटते.

दुसरा वंश लेदरमनचा. टिम लेदरमन १९७५ मध्ये पत्नीसोबत एका जुन्या फियाटमधून युरोपभर फिरत होते. गाडी कुरकुरे, हॉटेलांचे नळ गळत, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नसल्याने त्यांचं अडे. त्यातून पक्कडीभोवती बांधलेलं अवजार जन्माला आलं आणि १९८३ मध्ये कंपनी उभी राहिली. ज्याचा दिवस नळ, तारा, नटबोल्टांत जातो त्याने हाच वंश बघावा. मी त्यांचं वेव्ह हातात घेऊन पाहिलं. काम अप्रतिम, पण वजन २४१ ग्रॅम. माझ्या खांद्यावर आधीच पट्टे, जेलची बाटली, बीपीचं मशीन असतं. माझ्या यादीत पक्कड तळाशी होती, त्यामुळे तिच्यासाठी पाव किलो वाहून नेण्यात अर्थ नव्हता. त्यांचंच मायक्रा मात्र मी बराच वेळ हाताळलं. ते कात्रीभोवती बांधलेलं आहे, वजन पन्नासेक ग्रॅम, आणि कात्री तर त्या आकारात मी पाहिलेली सर्वांत दणकट. अडलं ते एवढ्यावरच, की कात्रीसाठी दोन्ही मुठी उलगडून फिरवाव्या लागतात. मला एका हाताने पेशंटचा पाय उचलून धरलेला असताना दुसऱ्या हाताने आणि पाय धरलेल्या हाताच्या नुसत्या अंगठ्याने निभावेल असं काही हवं होतं.

स्विस चाकूंमध्ये मापावरून निवड होते. बंद असतानाची लांबी सांगतात: ५८, ८४, ९१ मिलिमीटर, शिवाय ॲल्युमिनियमच्या मुठीचे ९३ आणि मोठे १११. दुकानात बहुतेक वेळा ९१चा स्पार्टन पुढे करतात. चांगला चाकू आहे, पण त्यात कात्रीच नाही. बुचाचा आकडा आहे. त्या आकड्याच्या पिळात बसणारा चष्म्याचा इवलासा स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो आणि तो खरंच उपयोगी पडतो, पण तेवढ्यासाठी आख्खा आकडा बाळगायची माझी तयारी नव्हती. त्याच मापात क्लाइंबरला कात्री आहे. सुपर टिंकरला कात्री आहे आणि आकड्याऐवजी फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आहे. घरी किंवा गाडीत एकच चाकू ठेवायचा असेल तर मी सुपर टिंकरच घ्यायला सांगेन.

माझ्यासाठी मात्र नखांनी निर्णय केला. पेशंटच्या अंगावर हात ठेवून काम असल्यामुळे माझी नखं कायम मुळापर्यंत कापलेली असतात. या चाकूंची अवजारं नखाच्या खाचेत नख अडकवून बाहेर ओढायची असतात. मोठ्या मापांची स्प्रिंग ताठ असते, तिथे माझं बोट घसरत होतं. ५८च्या मापाची स्प्रिंग मऊ, बोटाच्या पेराने सहज उघडते. घेण्याआधी दुकानातच सगळी अवजारं स्वतःच्या हाताने उघडून पाहावीत, असं मी आग्रहाने सांगेन. संधिवाताच्या हातांना तर हे आधी बघायलाच हवं.

५८ मध्ये सगळ्यांच्या ओळखीचा क्लासिक एसडी: पातं, कात्री, नखाची कानस आणि तिच्या टोकाला बारीक सपाट स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, दातकोरणी. वजन २१ ग्रॅम. किल्ल्यांच्या जुडग्यात तो आहे हे कळतही नाही. मी त्याच्याच भावंडावर थांबले, त्याचं नाव रॅम्बलर. त्यात क्लासिकचं सगळं आहेच, शिवाय झाकण उघडायचं एक जादा अवजार आहे आणि त्याच्या टोकाला फुलीचा, चुंबक असलेला स्क्रू ड्रायव्हर. सेलच्या झाकणाचा स्क्रू गादीवर पडून हरवत नाही, तो टोकाला चिकटून राहतो. वजन तीसेक ग्रॅम. ॲल्युमिनियमच्या मुठीचे छोटे चाकू दिसायला जास्त सुंदर आणि पुसायलाही सोपे, पण त्यांत चिमटा नसतो. चिमटा मला सोडायचा नव्हता.

रॅम्बलर इथे मिळाला नाही, मागवून घ्यावा लागला. तो येईपर्यंत मेन रोड, भांडी बाजार असं फिरताना लाल मुठीचे नकली चाकू खूप पाहिले. खरा-खोटा ओळखायची माझी रीत अशी: पात्याच्या मुळाशी कंपनीची छाप स्वच्छ आणि खोल हवी. चाकू बंद करून उजेडासमोर धरला तर थरांमधून फटी दिसता कामा नयेत. प्रत्येक अवजार मिटताना ‘टक्’ असा ठाम आवाज यावा. आणि कात्री. पातळ मायक्रोपोर टेप कात्रीच्या अगदी टोकाने कापून बघायची. नकली कात्री टेपला दुमडते, कापत नाही.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला प्रत्येकाने विचारला. घरच्यांनी, मैत्रिणींनी, एका दुकानदारानेही: “ताई, सेफ्टीसाठी ना?” नाही. आणि कुठल्याही बाईने या कारणासाठी असा चाकू घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तो उघडायला दोन हात लागतात. पातं चार सेंटिमीटरही नाही. त्याला लॉक नसतो, फक्त स्प्रिंगचा दाब असतो, त्यामुळे भोसकल्यासारखा जोर लावला तर पातं मिटून आपल्याच बोटांवर येतं. पर्समध्ये चाकू आहे या भरवशावर कुणी अंधाऱ्या रस्त्याने जायला लागली, तर तो भरवसाच तिला धोक्यात घालेल. घाबरण्यासारखी वेळ आली तर ११२ फिरवावा, ओरडावं, माणसांत जावं. हे मी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीलाही सांगितलं, ती माझा चाकू मागत होती तेव्हा.

कायद्याचंही पाहून घेतलं. शस्त्र नियमांतल्या यादीत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. माझा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही. पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका यांच्या काळात मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू बाळगण्यावरही बंदी असते. मी अशा दिवसांत तो घरी ठेवते. गर्दीच्या मिरवणुकीत, मंदिरात, मॉलमध्ये, कोर्टात नेत नाही. विमानाने जाताना तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावा लागतो. माझी एक मावसबहीण इंग्लंडमध्ये असते. तिथे लॉक नसलेला, तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा घडीचा चाकू कारणाशिवाय जवळ ठेवता येतो. लॉकचं पातं असेल तर योग्य कारण दाखवावं लागतं. तिच्यासाठी काही घेताना हे लक्षात ठेवलं.

माझी एक सहकारी विशेष मुलांच्या शाळेत जाते. तिथे पातं नेणं तिलाच पटत नव्हतं, आणि ते योग्यच आहे. याच मापात जेटसेटर नावाचा बिनपात्याचा प्रकार आहे: कात्री, फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, चिमटा. तिचं सगळं काम त्यात होतं. व्हिक्टोरिनॉक्सच्या प्रमुखांनीही २०२४ मध्ये बिनपात्याच्या नव्या चाकूंवर काम चालू असल्याचं सांगितलं होतं. ज्यांचा दिवस शाळांमध्ये आणि तपासणीच्या दारांतून जातो, त्यांनी आधी हाच बघावा.

पेशंटच्या घरी वापरताना माझे काही नियम आहेत. चाकू पेशंटच्या समोर, सांगून उघडायचा. स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांसमोर पातं उघडायचंच नाही, कात्रीपुरतंच काम ठेवायचं. चिमटा आणि कात्री प्रत्येक घरानंतर स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची. नेलपॉलिश काढायचं द्रव लाल मुठीला लागू द्यायचं नाही, ते प्लॅस्टिक खातं. बाथरूममधल्या आधाराच्या दांड्याचे स्क्रू या चाकूने कधीच आवळायचे नाहीत. ज्या दांड्यावर माणसाचा सगळा भार येतो, तो प्लंबरकडून नीट बसवून घ्यायचा.

पावसाळ्यात जास्त सांभाळावं लागतं. पोलाद न गंजणारं असलं तरी सांध्यांत ओल आणि धूळ राहिली की ते कुरकुरतं. कैरी किंवा लिंबू कापलं तर लगेच धुते, उघडा ठेवून पूर्ण वाळवते आणि सांध्यात मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडते. फळ कापणार असेन तर पातं आधी पुसून घेते. खोबरेल तेल घालत नाही, थंडीत ते गोठतं. धार लावायला सायकलवरच्या चाकवाल्याकडे देत नाही. त्याच्या चाकावर एवढंसं पातं तापतं आणि निम्मं झिजून जातं. घरी बारीक दगडावर पाणी टाकून, पातं दगडाशी पंधरा ते वीस अंशांत धरून, दोन्ही बाजूंनी सारखेच हात मारते. कात्रीला मात्र दगड लावत नाही. तिचा खरा नाजूक भाग म्हणजे आतली बारीक स्प्रिंग. ती तुटली तर कात्री आपोआप उघडत नाही. सुटी स्प्रिंग मिळते आणि घरी बसवताही येते. मी एक आणून बॅगेतल्या सुईदोऱ्याच्या डबीत ठेवली आहे.